दहा मायक्रॉनची चूक

मल्लेश्वरम हा बंगळुरूतला जुना, झाडांचा आणि देवळांचा भाग. मराठी वाचकाला तो ठाऊक असलाच तर काडु मल्लेश्वराच्या देवळामुळे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्याशी या देवळाचा संबंध जोडला जातो आणि तिथला १६६९ सालचा शिलालेख त्यासाठी दाखवला जातो. या लेखाला मात्र देवळाच्या आसपासचा वेगळाच भूगोल हवा आहे. मल्लेश्वरमच्या उत्तरेला लागून भारतीय विज्ञान संस्था आहे. १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेला जुने बंगळुरूकर अजूनही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. सँकी तलावाच्या पलीकडे सी. व्ही. रामन यांनी १९४८ साली उभी केलेली रामन संशोधन संस्था आहे. तुमकूर रस्त्याला लागले की १९६२ सालची केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था लागते, जी मुळात मशीन टूल बनवण्याचे शास्त्र शिकवायला काढलेली होती. जलहळ्ळीत एचएमटी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स, दोन्ही पन्नासच्या दशकातल्या. आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ, मिलिंग आणि सीएनसी यंत्रांच्या लहान लहान शेडची दाटी. मिलिमीटर लहरी आणि त्यांच्या पलीकडच्या टेराहर्ट्झ लहरी हाताळणाऱ्या भागांची चर्चा निघाली की या यादीतली पहिली दोन नावे घेतली जातात आणि बाकीची गाळली जातात. ही गफलत आहे, असे माझे म्हणणे आहे. या लहरींसाठी वेव्हगाइड, अँटेना किंवा फिल्टर यांचा आराखडा संगणकावर पूर्ण होत नाही. त्याचा बराचसा भाग मिलिंगच्या टूलखाली ठरतो, आणि ज्याला ते टूल ठाऊक नाही त्याचा आराखडा अर्धाच असतो.

आधी आकडे. आकाशवाणीच्या एफएम केंद्राची लहर सुमारे तीन मीटर लांबीची असते. दोन गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या मोबाइलची पंधरा सेंटिमीटर. २०२२ च्या लिलावात ५जी साठी जो २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला, तिथे ती साडेअकरा मिलिमीटरवर येते. मोटारींच्या ७७ गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये चार मिलिमीटरहून थोडी कमी, ३०० गिगाहर्ट्झला नेमकी एक मिलिमीटर आणि एक टेराहर्ट्झला ०.३ मिलिमीटर, म्हणजे ३०० मायक्रॉन. घरातल्या विजेच्या दृष्टीने तार म्हणजे केवळ जोडणी असते. ती वाकडी गेली काय, सरळ गेली काय, दिवा तसाच लागतो. पण लहरीची लांबी आणि वस्तूचे माप यांची बरोबरी झाली की तारेचे वळण, तिचे टोक, तिच्या शेजारचे भोक, या सगळ्यांचा विद्युत परिणाम होऊ लागतो. १०० गिगाहर्ट्झला एक सेंटिमीटरच्या अंतरात तीनहून जास्त लहरी मावतात, त्यामुळे तिथे कुठलीही रेघ निरुपद्रवी राहत नाही. इथे परिपथ म्हणून वेगळे काही जोडायचे नसते. धातूतली पोकळी ज्या आकाराची, तोच परिपथ.

वेव्हगाइड ही आयताकृती पोकळ नळी. तिच्या आत तार नसते; लहर भिंतींवर आपटत, स्वतःची एक ठरावीक रचना सांभाळत पुढे जाते. नळीची रुंदी ज्या लहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी, ती लहर आत शिरूच शकत नाही. म्हणून वारंवारता वाढली की नळी त्याच प्रमाणात लहान करावी लागते. दहा गिगाहर्ट्झच्या प्रमाण वेव्हगाइडचे आतले माप २२.८६ गुणिले १०.१६ मिलिमीटर असते. ते रडारच्या कामातल्या कोणीही हातात धरून पाहिलेले असते. ७५ ते ११० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी तेच २.५४ गुणिले १.२७ होते. एक टेराहर्ट्झच्या आसपास साधारण पाव मिलिमीटर रुंद आणि त्याच्या निम्मे उंच, म्हणजे उंची माणसाच्या केसाच्या जाडीच्या दुपटीइतकीसुद्धा नीट भरत नाही. एवढ्या मापाची नळी ओढून काढता येत नाही. म्हणून धातूचा ठोकळा घेऊन त्याचे दोन अर्ध करतात, प्रत्येक अर्धात चर कोरतात आणि दोन्ही अर्ध समोरासमोर बसवून पिनांनी आणि स्क्रूंनी आवळतात. काप कुठे घ्यायचा यातच पहिले शहाणपण आहे. नेहमीच्या रचनेत रुंद भिंतीच्या मध्यरेषेला आडवा विद्युतप्रवाह शून्य असतो, तेव्हा काप बरोबर त्या रेषेवर घेतला तर प्रवाहाला सांधा ओलांडावाच लागत नाही आणि सांध्यात थोडी फट राहिली तरी चालते. काप जरा सरकला, की तीच फट गळती होऊन बसते.

दुसरी अडचण तोट्याची. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या अंगात खोल जात नाही, पृष्ठभागाच्या पातळ थरातूनच वाहतो. तांब्यात हा थर दहा गिगाहर्ट्झला सुमारे ०.६६ मायक्रॉन, शंभराला ०.२ मायक्रॉन, आणि एक टेराहर्ट्झला ०.०७ मायक्रॉनच्याही आत. थर पातळ झाला आणि नळीही लहान झाली, म्हणून वारंवारता दहापट केली की मीटरमागचा तोटा, डेसिबलमध्ये मोजला तर, सुमारे बत्तीसपट होतो. दहा गिगाहर्ट्झला मीटरभर नळीत दोन-तीन टक्के शक्ती जाते. शंभराला जवळजवळ निम्मी. एक टेराहर्ट्झला एका सेंटिमीटरलाच पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक, आणि मीटरभर नळीच्या दुसऱ्या टोकाला म्हणण्यासारखे काही उरत नाही. हे आकडेही आरशासारख्या गुळगुळीत भिंतीचे आहेत. चांगल्या मिलिंगनंतर धातूवर टूलच्या ज्या बारीक रेघा राहतात त्यांची खोली दोन-चार दशांश मायक्रॉन भरते; शंभर गिगाहर्ट्झच्या प्रवाहाचा थर त्याहून जाड नाही. प्रवाहाला मग प्रत्येक रेघेच्या चढउतारावरून जावे लागते, वाट लांबते आणि तोटा वाढतो. त्यामुळे टूल किती झिजल्यावर बदलायचे, शेवटचा हात किती हलका मारायचा, कडेला उरलेली बर, म्हणजे धातूची बारीक कोर, कशी काढायची, या कारागिराच्या वाटणाऱ्या गोष्टींची नोंद अभियंत्याच्या सूत्रात व्हावी लागते.

फिल्टरमध्ये हे सगळ्यात उघडे पडते. फिल्टरचे काम हव्या त्या पट्ट्याला वाट देणे आणि शेजारच्याला अडवणे. वेव्हगाइडमध्ये तो करायची रीत अशी, की नळीत थोड्या थोड्या अंतरावर भिंती आत घेऊन अरुंद खिडक्या ठेवायच्या, म्हणजे दोन खिडक्यांमधली पोकळी एका वारंवारतेला घुमते. अशा चार-सहा पोकळ्या ओळीने ठेवल्या आणि खिडक्यांची रुंदी नेमकी साधली, की पट्टा तयार होतो. शंभर गिगाहर्ट्झला, २.५४ मिलिमीटरच्या नळीत, पोकळीची लांबी सुमारे १.८६ मिलिमीटर येते. समजा कारखान्यातून ती दहा मायक्रॉनने जास्त झाली. सरळ गणित केले तर तिची वारंवारता जवळजवळ ३५० मेगाहर्ट्झने खाली सरकते. फिल्टरचा पट्टा एक गिगाहर्ट्झचा असेल तर एक तृतीयांश पट्टा तिथेच हातचा गेला. आणि सगळ्या पोकळ्या सारख्याच चुकल्या तर निदान पट्टा एकसंध सरकतो, पण प्रत्येक वेगळी चुकली तर तो मोडतो. हीच दहा मायक्रॉनची चूक दहा गिगाहर्ट्झच्या फिल्टरमध्ये तीन मेगाहर्ट्झची असते, आणि तिथे पोकळीच्या डोक्यावर बसवलेला स्क्रू अर्धा फेरा फिरवून ती दुरुस्तही करता येते. एक टेराहर्ट्झला ती पस्तीस गिगाहर्ट्झच्या घरात जाते, आणि पाव मिलिमीटरच्या पोकळीत स्क्रू बसवायला जागा नसते. म्हणजे वारंवारता दहापट झाली की तीच यांत्रिक चूक शंभरपटीच्या आसपास महाग पडते, आणि नेमकी त्याच वेळी ती सुधारण्याची सोय नाहीशी होते.

याच फिल्टरची आणखी एक बारीक बाब पाहण्यासारखी आहे. संगणकावर पोकळीचे कोपरे काटकोनी काढले जातात. मिलिंगचे टूल गोल असते, त्यामुळे चराच्या आतल्या कोपऱ्यात टूलच्या त्रिज्येएवढी गोलाई उरतेच. अर्धा मिलिमीटर व्यासाचे टूल वापरले तर पाव मिलिमीटरची गोलाई, आणि १.८६ मिलिमीटर लांबीच्या पोकळीत चारही कोपऱ्यांना पाव मिलिमीटर ही किरकोळ बाब नव्हे. बारीक टूल घ्यावे तर ते खोल जात नाही. सामान्यतः व्यासाच्या दोन-तीन पटींपेक्षा जास्त खोलीवर ते वाकते आणि भिंत तिरपी येते. तेव्हा शहाणा अभियंता आधी कारखान्यात विचारतो की तुमच्याकडे कोणते टूल आहे, किती खोल जाते, आणि मग गोल कोपरे धरूनच गणित मांडतो. नवशिका काटकोनी आराखडा पाठवतो, हाती आलेला फिल्टर सरकलेला निघतो, आणि मग दोष कारखान्यावर जातो.

अँटेनाची गोष्ट मराठी वाचकाला जवळच्या उदाहरणाने सांगता येईल. नारायणगावजवळ खोडद येथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या प्रत्येकी ४५ मीटरच्या आहेत, आणि त्या पत्र्याच्या नसून बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, लोखंड कमी लागते, खर्च आटोक्यात राहतो. हे चालते, कारण ती दुर्बीण ज्या लहरी पाहते त्यातली सर्वांत लहान सुमारे २१ सेंटिमीटरची आहे. तिला सेंटिमीटरभर भोकांची जाळी सलग धातूसारखीच दिसते. आता रामन संशोधन संस्थेच्या आवारात १९८० च्या दशकात उभी राहिलेली १०.४ मीटरची तबकडी घ्या. ती मिलिमीटर लहरींसाठी बांधलेली. आंतरतारकीय ढगांतल्या कार्बन मोनॉक्साइडची ११५ गिगाहर्ट्झची आणि म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतालच्या सिलिकॉन मोनॉक्साइडची ८६ गिगाहर्ट्झची लहर टिपायला ती वापरली गेली. व्यासाने ती खोडदच्या तबकडीच्या पावपटही नाही, पण घडवायला कितीतरी अवघड. जॉन रूझ या अभियंत्याचे एक सूत्र अँटेनावाल्यांना पाठ असते. पृष्ठभागातले सरासरी खाचखळगे लहरीच्या विसाव्या भागाएवढे असले, तर तबकडी आपली एक तृतीयांश ताकद गमावते. २१ सेंटिमीटरच्या लहरीला विसावा भाग म्हणजे सेंटिमीटरभर. ११५ गिगाहर्ट्झच्या २.६ मिलिमीटरच्या लहरीला तो होतो ०.१३ मिलिमीटर, आणि हे माप दहा मीटर रुंदीभर, ऊन-वारा आणि तबकडीचे स्वतःचे वजन सोसून टिकवायचे.

हे कसे साधते याचा मार्ग कॅलटेकच्या रॉबर्ट लेटन यांनी दाखवला. फाइनमन यांची भौतिकशास्त्रावरची प्रसिद्ध व्याख्याने ग्रंथरूपात आणणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या तबकड्याही १०.४ मीटरच्याच. लेटन यांनी ॲल्युमिनियमच्या मधपोवळ्यासारख्या पोकळ पट्ट्या सांगाड्यावर बसवल्या, संपूर्ण सांगाडा हवेच्या बेअरिंगवर तोलून सावकाश फिरवला, आणि परवलयाच्या वक्रतेवरून सरकणाऱ्या कर्तनयंत्राने तो वरून कापत नेला. वर पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे चिकटवले. थोडक्यात, नोबेल पारितोषिक विजेत्यांच्या सहवासातला हा प्राध्यापक आपली दुर्बीण लेथवर कातल्यासारखी कातत होता. या कातकामाचे मोल सिद्धान्तापेक्षा कमी धरायचे कारण मला दिसत नाही.

तबकडीच्या केंद्राशी लहर गोळा करणारे कर्णे असतात, आणि त्यांची घडाई तर कापणाऱ्याची परीक्षाच. उत्तम कर्ण्याच्या आतल्या बाजूला कड्याकड्यांनी चर पाडलेले असतात. शंभर गिगाहर्ट्झला अशा प्रत्येक चराची खोली सुमारे पाऊण मिलिमीटर. निमुळत्या कर्ण्याच्या आत टूल घालून असे चर पाडणे शक्य नसते. मग उलटी युक्ती करतात. कर्ण्याच्या पोकळीचा आकार ॲल्युमिनियममध्ये बाहेरून कातून घेतात, म्हणजे चराच्या जागी कडी आणि कडीच्या जागी चर. त्यावर विद्युतविलेपनाने तांब्याचा जाड थर चढवतात. शेवटी आतले ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळवून टाकतात, आणि उरते ती पोकळी हवी तशी. साच्यावरचा एक ओरखडाही तांब्यात जसाच्या तसा उमटतो.

या सगळ्याला भारतात नवीन मानणे चूक होईल. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये या लहरींचे प्रयोग दाखवले; त्या काळात त्यांनी निर्माण केलेल्या लहरींतल्या सर्वांत लहान पाच मिलिमीटरच्या, म्हणजे साठ गिगाहर्ट्झच्या होत्या. पोकळ नळ्या, कर्णे, ध्रुवण करणाऱ्या जाळ्या, अशी आज ज्याला मिलिमीटर लहरींचे तंत्र म्हणतात त्याची जवळजवळ सगळी मांडणी त्यांनी करून पाहिली होती, आणि ती उपकरणे घडवायला त्यांच्या हाताशी होता तो साधा पत्रेकाम करणारा कारागीर. १८९७ च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे प्रयोग दाखवले. पुढे मार्कोनीचा जमाना आला, जग लांब लहरींकडे वळले आणि मिलिमीटर लहरी जवळजवळ अर्धशतक बाजूला पडल्या. आजच्या वाचकाने बोस यांचे श्रेय कोणी हिरावले हा वाद जरूर घालावा, पण त्या पत्रेवाल्याकडेही एकदा बघावे.

भारतीय विज्ञान संस्थेतला धागा राजेश्वरी चटर्जी यांच्यापर्यंत जातो. १९२२ साली जन्मलेल्या राजेश्वरींनी १९५३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली आणि परत येऊन इथल्या विद्युत संचार विभागात त्या शिकवू लागल्या. पती शिशिरकुमार चटर्जी यांच्यासह त्यांनी सूक्ष्मलहरींची प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या कामात एक विषय वारंवार येतो, तो म्हणजे धातूऐवजी अवाहक पदार्थाची कांडी किंवा अवाहकाने मढवलेली तार, जिच्या पृष्ठभागाला धरून लहर वाहते. रडारच्या काळात धातूची नळी सरस ठरली होती, म्हणून हे काम पुष्कळांना शास्त्रीय कुतूहल वाटले असावे. टेराहर्ट्झने पारडे उलटे केले. धातूच्या भिंतीत शक्ती इतकी जाते की आता उच्च रोधकतेच्या शुद्ध सिलिकॉनच्या बारीक पट्ट्या, ज्यांत तोटा कितीतरी कमी, वेव्हगाइड म्हणून वापरायचा प्रयत्न जगभर चालू आहे. या पट्ट्या सिलिकॉनच्या चकतीतून आयनांच्या माऱ्याने कोरतात; प्रकाश टाकून छापलेल्या आकृतीबरहुकूम, मायक्रॉनच्या अचूकतेने. त्याच रीतीने सिलिकॉनमध्ये चर कोरून त्याला सोन्याचा मुलामा दिला की धातूच्या ठोकळ्याची जागाही घेता येते. भारतीय विज्ञान संस्थेच्या नॅनो केंद्रात अशा कामासाठी लागणारी स्वच्छ खोली आणि यंत्रे आहेत. म्हणजे कारखाना गेला असे नाही, तो दुसऱ्या इमारतीत आला.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की आता विद्युतचुंबकीय गणिताची संगणक-प्रणाली इतकी पक्की झाली आहे की आराखडा बरोबर असेल तर भाग बरोबर निघतोच. कारखान्याला एवढे डोक्यावर कशाला घ्यायचे? प्रणाली पक्की आहे हे खरे. मॅक्सवेलची समीकरणे ती चुकवत नाही. पण ती आपण सांगितलेल्या आकाराची उत्तरे देते, हाती आलेल्या आकाराची नव्हे. पृष्ठभाग किती खडबडीत, दोन अर्धांमधली फट किती, सोन्याचा मुलामा कोपऱ्यात किती पातळ, ॲल्युमिनियमचा ठोकळा दहा अंश तापल्यावर फिल्टर किती सरकेल (शंभर गिगाहर्ट्झला सुमारे तेवीस मेगाहर्ट्झ), हे आकडे माणसाने मोजून घालावे लागतात. ज्या संघाने आधी वीस ठोकळे कापून मोजले आहेत त्याच्या प्रणालीत आणि ज्याने एकही कापलेला नाही त्याच्या प्रणालीत अक्षर अन् अक्षर सारखे असले, तरी उत्तरे सारखी येणार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोटारीच्या रडारमध्ये ना वेव्हगाइड दिसतो ना कातलेला कर्णा; एक चिप आणि छापील पट्टीवरचे अँटेना, झाले. चिपच सगळे करणार असेल तर पितळेच्या ठोकळ्यांचा काळ संपला असे का म्हणू नये? ७७ गिगाहर्ट्झच्या स्वस्त रडारपुरते हे मान्य केलेच पाहिजे, आणि २६ गिगाहर्ट्झच्या ५जी पुरतेही. तिथे शेकडो अँटेनांची मांडणी छापून काढणे हाच शहाणपणा. पण वारंवारता दोनशे-तीनशे गिगाहर्ट्झच्या वर गेली की चिपमधून निघणारी शक्ती मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याखाली येते, आणि चिपच्या सिलिकॉनमध्येच तिचा बराच भाग मुरतो. जिथे प्रत्येक दशांश डेसिबल वाचवायचा असतो, म्हणजे दुर्बिणीचा ग्राहक (रिसीव्हर), हवामान उपग्रहाचा रेडिओमीटर, अरुंद पट्ट्याचा फिल्टर, तिथे पोकळ धातू अजून सरस आहे. शिवाय छापील पट्टीसुद्धा काही कारखान्यावाचून येत नाही. तिच्या रेघांची मापे आणि तांब्याचा खडबडीतपणा हाच प्रश्न तिथेही पुन्हा उभा राहतो.

तिसरा आक्षेप उपयोगाचा. ऑक्सिजन साठ गिगाहर्ट्झची लहर समुद्रसपाटीला किलोमीटरमागे पंधरा डेसिबलपर्यंत खातो. पाण्याची वाफ १८३ गिगाहर्ट्झला भिंत होते, आणि टेराहर्ट्झला तर दमट हवेत किलोमीटरमागे शेकडो डेसिबलचा हिशेब लागतो. मग हा उद्योग कशासाठी? ६जी च्या नावाने जी भाषा चालते तिच्याबद्दल माझाही हात आखडता आहे. शहरभर टेराहर्ट्झचे जाळे पसरेल असे कोणी म्हटले तर त्याला आधी पावसाळ्यात मुंबईत दुपारभर उभे करावे. पण हवेचा हा शोषकपणाच काही कामांचा पाया आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेने मिळून सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावर १८३ गिगाहर्ट्झचे सफिर नावाचे उपकरण होते. वाफ ज्या वारंवारतेला सर्वांत जास्त बोलते तिथेच कान लावून ते हवेच्या वेगवेगळ्या थरांतला ओलावा मोजत असे. त्याच उपग्रहावरचे मॅड्रास हे उपकरण १८.७ पासून १५७ गिगाहर्ट्झपर्यंत पाच वारंवारतांवर पाऊस आणि ढग पाहायचे. ते जानेवारी २०१३ मध्ये बंद पडले. मोसमी पावसावर पोट असलेल्या देशाने या पट्ट्यातले ग्राहक, फिल्टर आणि कर्णे स्वतः घडवावेत, याला आणखी वेगळे समर्थन लागू नये. जमिनीवरच्या दुर्बिणीला मात्र हीच वाफ आड येते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवर आहे, दुर्बिणीसाठी हे पुरेसे नाही. चिलीतल्या आल्मा दुर्बिणीच्या तबकड्या पाच हजार मीटरवर उगीच नेलेल्या नाहीत. रामन संस्थेच्या तबकडीचे मोठे मोल मला तिच्या निरीक्षणांइतकेच तिच्यामुळे ग्राहक आणि कर्णे घडवायला शिकलेल्या हातांत दिसते.

उरतो विकत घेण्याचा प्रश्न. हे भाग परदेशात तयार मिळतात, कॅटलॉगमधून मागवता येतात, मग इथे का खटपट? एखाद-दुसरा भाग हवा असेल तर मागवावाच. पण फिल्टरचा आराखडा पहिल्याच खेपेला कधी बरोबर येत नाही. कापा, मोजा, कुठे सरकला ते पाहा, कारण शोधा, पुन्हा कापा, असा फेरा चालतो, आणि फेऱ्यातले अंतर दोन समुद्रांचे असेल तर शिकण्याचा वेगही त्याच मानाने मंदावतो. तुमकूर रस्त्यावरून तासाभरात ठोकळा हाती येत असेल तर एका महिन्यात चार फेरे होतात. पीण्याच्या शेडमध्ये आज मोटारींचे आणि विमानांचे सुटे भाग पाच-दहा मायक्रॉनच्या हमीवर कापून देणारे लोक आहेत. एचएमटीच्या घड्याळांच्या कारखान्याने साठच्या दशकापासून याच शहराला सूक्ष्म कामाची सवय लावली होती. २०१६ साली केंद्र सरकारने तो व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला, पण कसब एका सरकारी निर्णयाने पुसले जात नाही. अडचण अशी की या कारागिराला वेव्हगाइड काय असतो हे कोणी सांगितलेले नसते, आणि संस्थेतल्या विद्यार्थ्याने त्याची शेड पाहिलेली नसते. मुंबईत पवईला समीर ही सूक्ष्मलहरींची संस्था १९८४ पासून आहे, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टेराहर्ट्झवर काम चालते. पुण्याच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांशी त्यांचे नाते जुळवण्याचा प्रश्नही याच जातीचा आहे.

आणि शेवटी मोजणी, जिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. तीनशे गिगाहर्ट्झच्या नळीचे तोंड ०.८६४ गुणिले ०.४३२ मिलिमीटरचे असते. फिल्टर मोजायचा तर त्याचे तोंड उपकरणाच्या तोंडाशी तंतोतंत जुळवावे लागते, आणि ते काम फ्लँजवरच्या, म्हणजे नळीच्या तोंडाभोवतीच्या जोडकड्यावरच्या, दोन पिनांवर सोपवलेले असते. जुन्या फ्लँजच्या पिना आणि भोके यांतली मोकळीक एवढी असू शकते की जोड शेकडा दहापेक्षा जास्त सरकून बसतो. मग परत फिरलेली जी लहर मोजली ती फिल्टरवरून आली की जोडावरून, हे सांगता येत नाही, आणि तोच भाग दुसऱ्यांदा जोडला तर आकडा बदलतो. ११० गिगाहर्ट्झच्या वरच्या वेव्हगाइडची मापे आणि फ्लँज यांचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ ते २०१६ या काळात नव्याने ठरले, त्यात नळीची ओळखच मायक्रॉनमधल्या रुंदीने होते: ८६४, ५७०, २५०. या जोडाच्या पिना कोणत्या पोलादाच्या, त्या किती वेळा काढल्या-घातल्यावर झिजतात आणि बदलायच्या कधी, याची वही ठेवणारा माणूस प्रयोगशाळेत असेल तरच तिथला आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेशी जुळतो.